चावी घरातच, गाडी मात्र गायब

काच फुटलेली नाही, लॉक तुटलेलं नाही, आणि तरी गाडी गेली म्हटलं की लोकांचा पहिला संशय घरातल्यांवर, नाहीतर ड्रायव्हरवर, की ह्यानेच डुप्लिकेट चावी केली असणार. पण हल्ली चावी खुंटीवर लटकत असते आणि गाडी पार दुसऱ्या गावी पोचलेली असते.

कसं होतं ते बघा. पुश स्टार्टवाल्या गाडीच्या हँडलला तुम्ही हात लावला की गाडी एक कमजोर सिग्नल सोडते, तो जेमतेम मीटर-दोन मीटर जातो, तेवढ्यात चावी असेल तर ती उत्तर देते आणि दार उघडतं. आता चोर दोघं येतात, एक गाडीच्या दाराशी उभा राहतो आणि दुसरा पिशवीत अँटेना घेऊन तुमच्या घराच्या भिंतीला किंवा मेन दाराला चिकटतो. गाडीचा सिग्नल पहिला उचलतो, दुसरा तो वाढवून भिंतीपलीकडच्या चावीपर्यंत नेतो, चावीला वाटतं मालक गाडीपाशीच उभा आहे, मग ती बिचारी इमानदारीत उत्तर देते, झालं, दार उघडलं आणि इंजिन चालू. नंतर चावी लांब राहिली तरी चालतं इंजिन आपोआप बंद पडत नाही, कारण भर रस्त्यात तसं झालं तर अपघात होईल. याला रिले अटॅक म्हणतात आणि यात नवीन काही नाही, 2011 मध्येच झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 8 कंपन्यांच्या 10 मॉडेलवर हे करून दाखवलं होतं. कंपन्यांनी तेव्हाच मनावर घ्यायला हवं होतं!

दुसरा प्रकार याहून डेंजर, त्यात चावीची गरजच नाही. 2022 मध्ये लंडनमध्ये इयान टेबर यांच्या टोयोटा रॅव्ह-4 चा बंपर कुणीतरी ओढून हेडलाइटची वायर काढून ठेवली होती, त्यांना वाटलं कुणा टवाळाचा उद्योग, पण पुढे गाडीच गेली. आता गंमत अशी की हा माणूस स्वतः गाड्यांच्या सायबर सिक्युरिटीतला, त्यामुळे तो हात धुऊन मागे लागला. निघालं असं की गाडीतले सगळे कॉम्प्युटर ज्या वायरिंगवर एकमेकांशी बोलतात ते हेडलाइटपर्यंत आलेलं असतं, चोर तिथंच यंत्र जोडतात आणि ‘चावी तपासली, बरोबर आहे’ असा खोटा मेसेज आत सोडतात. ते यंत्र दिसायला साधा ब्लूटूथ स्पीकर! म्हणून बंपर किंवा हेडलाइटशी छेडछाड झालेली दिसली तर पोरांचा खेळ समजून सोडून देऊ नका.

आणि याच्या बरोबर उलटं अमेरिकेत झालं. तिथं किया आणि ह्युंदाईच्या साध्या चावीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये इमोबिलायझरच नव्हता, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणाच नव्हती, 2021-22 मध्ये पोरंटोरं टिकटॉकवर बघून यूएसबी केबलच्या टोकाने गाड्या चालू करून पळवायला लागली. 2023 मध्ये कंपन्यांनी फुकट सॉफ्टवेअर अपडेट आणलं. कॅनडात 2007 पासून इमोबिलायझर सक्तीचा, त्यामुळे तिथं हा प्रकार नाही. 2023 मध्ये अमेरिकेत 10 लाखांवर गाड्या चोरीला गेल्या, 2024 मध्ये आकडा साडेआठ लाखांच्या आसपास आला.

मग करायचं काय? चावीसाठी सिग्नल अडवणारा पाउच मिळतो तो घ्या, पण घेऊन गप्प बसू नका, चावी पाउचमध्ये टाका, पाउच हातात धरून गाडीपाशी जा आणि हँडल ओढा, दार उघडलं तर पाउच कचऱ्यात टाकायच्या लायकीचा. आतलं अस्तर झिजलं की चांगला पाउच पण निकामी होतो म्हणून अधूनमधून परत बघायचं. आणि स्पेअर चावीलाही पाउच हवा, ती कपाटात पडल्या पडल्याही गाडीच्या सिग्नलला उत्तर देऊ शकते. काही नव्या चाव्या हलल्या नाहीत की झोपी जातात, तुमची तशी आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा.

पण माझं मत विचाराल तर सगळ्यात भारी म्हणजे तो जुना लोखंडी स्टेअरिंग लॉक. दिसायला गावठी वाटतो, रोज लावायचा कंटाळा येतो, सगळं मान्य, पण लॅपटॉप घेऊन आलेल्या चोराला तो कापत बसावं लागतं आणि आवाज होतो, त्याला ते नको असतं.

ट्रॅकर लावा जरूर, फक्त डॅशबोर्डखाली नको, तिथं चोर आधी हात घालतो. त्याच्याकडे सिग्नल दाबून टाकणारा जॅमर पण असू शकतो. ट्रॅकर म्हणून गाडीत ठेवलेल्या छोट्या ब्लूटूथ टॅगचा एक घोळ आहे, अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्याच फोनवर येते. आणि पार्किंगमध्ये रिमोट दाबून पाठ फिरवू नका, हँडल ओढून बघा, कारण जवळ कुणी जॅमर घेऊन बसला असेल तर लॉकचा सिग्नल पोचतच नाही. इंजिन चालू ठेवून ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणणाऱ्यांबद्दल तर काय बोलणार.

सेकंडहँड घेत असाल तर काचेखालचा, दाराच्या खांबावरचा आणि कागदावरचा चेसिस नंबर अक्षर न् अक्षर जुळवा, चोरीच्या गाडीला दुसऱ्या गाडीचा नंबर चिकटवून विकतात. मालक एकच चावी देत असेल तर दुसरी कुठाय ते विचाराच, आणि ताबा घेतला की सर्व्हिस सेंटरला जाऊन तुमच्या हातात नसलेल्या सगळ्या चाव्या सिस्टिममधून उडवायला सांगा.