गो, वेंट, गॉन

स्मरणिकेसाठी शाळेची कुठलीही आठवण चालेल, असा निरोप आला. मला आठवतं ते एक क्रियापद.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता आम्ही पाढ्यांच्या चालीवर म्हणायचो. (हल्ली अशा पाठांतराला नावं ठेवतात. पण पाठ होतं म्हणूनच त्यातलं विचित्र रूप कानाला खटकायचं.) एकदा गो–वेंट–गॉनपाशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, वॉकचं वॉक्ड, मग गोचं गोड का नाही?" वर्ग खिदळला. बाईंनी मात्र त्यालाच विचारलं, "तू 'काल मामाकडे जालो' म्हणतोस का? 'गेलो' म्हणतोस ना? मग 'जा'मधला ज कुठे गेला?"

मग त्यांनी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं: सेंड–सेंट, बेंड–बेंट, लेंड–लेंट, आणि शेवटी वेंड–वेंट. वेंड म्हणजे मुळात वळणं, पुढे वाट धरणं. जुन्या इंग्रजीत गोचा भूतकाळ 'एओडे' असा काहीतरी व्हायचा. तो मागे पडला आणि सुमारे पाचशे वर्षांपूर्वी वेंडचं वेंट गोच्या घरी कायमचं दत्तक आलं. वेंडला स्वतःसाठी नवं 'वेंडेड' करून घ्यावं लागलं. सगळे बेंडचं बेंट नीट करतात आणि वेंट बघून बुचकळ्यात पडतात, याची बाईंना गंमत वाटे.

आठवीत त्याच बाई संस्कृतला आल्या, तेव्हा मराठीचाही उलगडा झाला. जाणे हे 'या' धातूचं, तर गेला 'गम्'च्या 'गत'वरून आलेला. येतो आणि आला यांचंही तेच, कारण आला निघतो 'आगत'मधून. एक हुशार मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे गो आणि गम् एकच!" बाई म्हणाल्या, "दिसतं तसं, पण नाही. गम्‌चं खरं नातं कमशी आहे." तिकडे येणं, इकडे जाणं, आणि मूळ एकच! आम्ही अवाक झालो.

"मग केम पण दत्तकच का?" मागच्या बाकाने विचारलं.

"नाही रे, ते घरचंच. फक्त स्वर बदललाय, सिंगचं सँग होतं तसा. चला, तक्ता पुढे म्हणा."