चवथीच्या तोंडावर गाडी खोलली, त्याची गोष्ट

गाडीच्या पुढच्या चाकांचे बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातले रबरी तुकडे, बदलणं हे तसं एका दिवसाचं काम. माझी गाडी दहा दिवस घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर होती.

मी फोंड्याहून पणजीला रोज गाडीने जातो, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. गाडी अकरा वर्षांची हॅचबॅक. पाऊस लागल्यापासून वाटेतल्या भोम गावाच्या आसपास चाक खड्ड्यात गेलं की डावीकडून ‘खडक’ असा आवाज, आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग जरासं ओढायचं. आधी सस्पेन्शनचे लिंक रॉड बदलले. पैसे गेले, आवाज तिथंच. शेवटी मेस्त्रीने टॉमी (लोखंडी पहार) घालून लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा, हलवून दाखवला. आर्मला पुढे एक आणि मागे एक असे दोन बुश; त्यातल्या मागच्याचं रबर लोखंडापासून सुटलं होतं, नख जाईल एवढी फट.

शनिवार, 23 ऑगस्ट 2025. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, बुधवारी, 27 ला. मी म्हटलं, चार दिवस आहेत की हातात! ही चूक माझी, मेस्त्रीची नव्हे.

उजवा आर्म तासाभरात निघाला. डाव्याच्या पुढच्या बोल्टाने मात्र आमचा अंत पाहिला. पाना लावून जोर दिला की पाव फेरा फिरायचा, सोडला की परत जागेवर. बोल्ट बुशाच्या आतल्या नळीला गंजून चिकटला होता, त्यामुळे नळी आणि रबर दोन्ही त्याच्याबरोबर पीळ खात होते. खारी हवा आणि असला पाऊस, दुसरं काय होणार. गंज सुटायचं तेल मारून रात्रभर ठेवलं. रविवारी गॅसने तापवला तर रबरच पेटलं. गॅरेजभर काळा धूर, बोल्ट ढिम्म. ग्राइंडर तिथं शिरत नव्हता. मग हॅक्सॉचं नुसतं पातं कापडात गुंडाळून, आर्म आणि ब्रॅकेटच्या फटीत घालून हातानेच कापला, एकेका बाजूला पाऊण तास. नटात उरलेला तुकडा नंतर बोटांनी फिरवून निघाला, त्याचा मला जास्त राग आला.

नवा बोल्ट घ्याल तो त्याच गाडीचा घ्या, हार्डवेअरच्या दुकानातला साधा नको. आणि बसवताना त्याच्या दांड्याला ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला तरी पातं चालवावं लागणार नाही.

सोमवारी सकाळी दोन्ही आर्म सुतळीने बांधून लेथवाल्याकडे नेले. हे बुश हातोडीने ठोकायचे नसतात, प्रेसवरच बसवायचे. तो म्हणाला, ‘फाल्यां जाता’, म्हणजे उद्या होईल. मंगळवारी गेलो तर शटर खाली. घरी पाच दिवसांचा गणपती, माणूस गावी गेलेला, फोन बंद. शटरच्या जाळीतून माझे आर्म दिसत होते, बाकावर, माझ्याच लाल सुतळीत बांधलेले. कुलपाकडे बघत मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीचे) नारळ आणि सुपारीचे घोस रिक्षाने आणले. गणपती मामेभावाच्या गाडीतून आला आणि वाटेत त्याने तीनदा विचारलं, ‘तुझ्या गाडीला काय झालं रे?’ चवथ झाल्यावर ऑफिसला कदंबाच्या सरकारी बसने.

सोमवारी, 1 सप्टेंबरला शटर उघडलं. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. लेथवाल्याने आधी हातावर नेवरी (करंजी) ठेवली. तोंडात नेवरी असताना काय भांडणार? प्रेसवर अर्धा तास लागला. अर्धा तास!

तोवर बोल्ट घ्यायला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो तेव्हा कळलं की बुश आणि बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) बसवलेला तयार आर्मच मिळतो. मला बुश आणि प्रेसची मजुरी धरून एका आर्मला अकराशे पडले, तयार आर्म सतराशेला होता. दोन आर्मना मिळून बाराशे रुपये जास्त देऊन मी चवथ गाडीत घालवली असती. तुमचा बॉल जॉइंटही जुना असेल तर विचारच करू नका, आर्मच घ्या.

संध्याकाळी मेस्त्री गाडी जॅकवर असतानाच बोल्ट करकचून आवळायला लागला. मी थांबवलं, आणि याचा मला अजून अभिमान आहे. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. आधी सगळे बोल्ट हातापुरते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, मग शेवटचा जोर. तो पुटपुटला, पण गॅरेजच्या खड्ड्यात उतरून त्याने तसंच केलं. दुसऱ्या दिवशी चाकांची अलाइनमेंट. ते टाळू नका, नाहीतर टायर एका कडेने खाल्ला जातो.

हो, एक राहिलंच. मागच्या बुशाच्या रबरात पोकळ खाचा असतात आणि त्या ठरावीक दिशेलाच यायला हव्यात. जुना बुश काढण्याआधी फोटो काढून ठेवा. लेथवाल्याने डावा बुश पाव फेरा फिरवूनच दाबला होता. मी मोबाइल पुढे केला. त्याने फोटो बघितला, बुश बघितला, काही न बोलता तो परत काढला, आणि मला आणखी एक नेवरी दिली.