काळ्या खुर्चीतला टॅक्सीवाला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी विचारतंच, "अहो, ती बीबीसीची प्रश्नमंजुषा, 'मास्टरमाइंड', तिचे जुने भाग अजून काय लावून बसता? प्रश्न शिळे, बक्षीस नाही, गंमत नाही." चहाच्या गडबडीत धड उत्तर देता येत नाही.

लग्न होऊन इंग्लंडला आले तेव्हा माझं इंग्रजी पुस्तकातलं. दुकानातली बाई काय म्हणाली ते कळायला पुन्हा विचारावं लागे. 'मास्टरमाइंड'मध्ये प्रश्न विचारणाऱ्या मॅग्नस मॅग्नसन यांचा मात्र शब्द न् शब्द कळायचा. जन्म आइसलंडचा, वाढले एडिंबरात; प्रश्न भराभर विचारत, पण एक अक्षर गिळत नसत. ह्यांची रात्रपाळी असली की घरात मी आणि तो आवाज. ही माझी खाजगी ओढ झाली. पण खरं कारण वेगळं आहे.

बीबीसीनं हा कार्यक्रम १९७२ साली सुरू केला. तो ज्यांना सुचला ते बिल राइट दुसऱ्या महायुद्धात विमानदळात होते, जर्मनांच्या कैदेत सापडले होते. युद्धकैद्यानं सांगायचं ते नाव, हुद्दा आणि नंबर, एवढंच. गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, केलेल्या उलटतपासणीवरून त्यांनी खेळ रचला: नाव, व्यवसाय आणि स्पर्धकानं स्वतः निवडलेला विषय. अंधारं सभागृह, उजेड फक्त काळ्या खुर्चीवर. घाबरवणारंच सगळं, संगीतसुद्धा. आणि तरीही त्या खुर्चीत माणसाचा अपमान झालेला मी कधी पाहिला नाही. दोन मिनिटं संपल्याचा इशारा प्रश्नाच्या मध्येच वाजला, तर मॅग्नसन म्हणत, सुरू केलाय तर पूर्ण करतो. प्रश्न पुरा विचारत, उत्तराला अवसर देत. ज्या प्रश्नांना स्पर्धकानं 'पास' म्हटलं, म्हणजे सोडून दिलं, त्यांची उत्तरं शेवटी न विसरता सांगत. ज्याला उत्तर येत नव्हतं तो ते कळूनच खुर्चीतून उठे. गुण सारखे झाले, तर कमी वेळा 'पास' म्हणणारा वर.

१९८० साली फ्रेड हाउसगो जिंकले. लंडनचे टॅक्सीचालक. तिथे टॅक्सीचा परवाना हवा तर शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांतले हजारो रस्ते तोंडपाठ लागतात. त्या परीक्षेला नावच आहे 'नॉलेज'. तेव्हा पाठांतराचा सराव होता म्हणा, पण लंडन टॉवरच्या इतिहासावर त्यांनी ज्या प्रेमानं उत्तरं दिली ते नुसत्या सरावानं येत नाही. तीन वर्षांनी भुयारी रेल्वेचे चालक ख्रिस्तोफर ह्यूजेस जिंकले. पहिल्या तिन्ही वर्षी तर विजेत्या बायकाच होत्या! कॉलेजांच्या संघांची प्रश्नमंजुषा 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'ही मी बघत असे, तिथे प्रश्न विचारणारे बॅम्बर गॅस्कॉइन फार गोड माणूस, पण तिथे बसायला कॉलेजात असावं लागे. इथे व्यवसाय विचारत, पदवी नाही.

आणि एवढं करून मिळायचं काय, तर काचेचं एक कोरीव पात्र.

१९९८ मध्ये 'हू वाँट्स टू बी अ मिल्यनेअर' आला, त्यावरून दोन वर्षांनी आपला केबीसी. मी तोही बघते, घरच्यांबरोबर ओरडत बघते. पण तिथे माझं लक्ष रकमेवर असतं. माणसाला काय येतं यापेक्षा तो आता थांबणार की खेळणार, हेच मनात. त्याच १९९८ मध्ये क्विझमास्टर सिद्धार्थ बसूंनी 'मास्टरमाइंड इंडिया' आणला होता आणि पुढे केबीसीमागेही तेच होते. पण दोन्हींपैकी लोकांना आठवतो एकच. मला याचं खरंच वाईट वाटतं.

बघायचंच असेल तर आपल्याला ओ की ठो कळत नाही अशा विषयाचा भाग लावा. उत्तर बरोबर की चूक याची काळजी राहत नाही. कॅमेरा हळूहळू चेहऱ्याजवळ सरकतो, आणि एखादा कारकून किंवा गृहिणी, कुणी न सांगता वर्षानुवर्षं वाचलेलं सगळं धडाधड बोलायला लागते.