कोटात एक सकाळ

माझे आजोबा मुंबईच्या फोर्ट भागाला कधी फोर्ट म्हणाले नाहीत. गिरगावातून कामावर निघताना ‘कोटात जातो’ म्हणायचे. बाबांच्या तोंडीही तोच शब्द बसलाय. गेल्या रविवारी सकाळी बाबांना म्हटलं, चला, आज तुमचा कोट बघून येऊ. तट आणि दरवाजे १८६०च्या दशकातच पाडले गेले, पण कोट कुठून कुठवर होता ते मला पायी फिरून बघायचं होतं.

चर्चगेटला उतरलो. हे स्टेशन १८७० सालचं, म्हणजे दरवाजा पडल्यानंतरचं. ज्या दरवाजाचं नाव त्याला मिळालं, तो होता इथून पूर्वेला, फ्लोरा फाउंटनपाशी. वीर नरिमन रस्त्याने निघालो की उजव्या हाताला ओव्हल आणि डाव्या हाताला क्रॉस मैदान. तटावरच्या तोफांना समोर आडोसा नको म्हणून ही सगळी जमीन मोकळी राखली होती. मुंबईच्या पोरांना क्रिकेट खेळायला मैदानं मिळाली ती अशी. ओव्हलवर तेव्हा इतके सामने चालले होते की कुठला क्षेत्ररक्षक कुणाचा ते कळेना. बाबा कुंपणाशी दोन षटकं तरी थांबले.

फाउंटन १८६४ सालचं. शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ला इथे गोळीबार झाला तेव्हा बाबा आठ वर्षांचे होते. आजोबा त्या रात्री खूप उशिरा, चालत घरी आले आणि न जेवता झोपले, एवढंच त्यांना आठवतं. स्मारकासमोर त्यांनी चपला काढून हात जोडले. दरवाजाचं मी तिथे काही बोलले नाही.

चर्चगेटमधलं चर्च म्हणजे सेंट थॉमस. पाया गव्हर्नर ऑंजिएने १६७६मध्ये घातला, पण काम चाळीसेक वर्षं रखडलं आणि १७१८च्या नाताळात ते उघडलं. पुढे मुंबईत मैलाचे दगड बसवले, त्यांवरचे आकडे या चर्चपासून मोजलेले आहेत. मला मात्र १७१८ हे साल वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. शहराभोवती तट उभारणारा गव्हर्नर चार्ल्स बून त्याच वर्षी कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर चालून गेला होता आणि हात हलवत परत आला होता. पुढे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा कोटात घबराट पसरली. तटाबाहेर खंदक खणायचं ठरलं आणि व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये वर्गणी दिली. शाळेत आपण वसईची मोहीम शिकतो ती वसईच्या बाजूने. त्या विजयाची धास्ती खाऊन इथे, आपल्या पायाखाली, माणसं खंदक खणत होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हॉर्निमन सर्कलला वळसा घालून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर टेकलो. या इमारतीच्या मागे नौदलाचा तळ आहे. आत कोटातल्याच जुन्या किल्ल्याचा एक दरवाजा अजून उभा आहे, दोन बाजूंना दोन पोर्तुगीज शिपाई कोरलेला. सर्वसामान्यांना तिथे जाता येत नाही. तळाचं नाव आय.एन.एस. आंग्रे. बाबांना हे ठाऊक नव्हतं. ते नाव त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं आणि मग मांडीवर थाप मारली. ज्यांच्या धाकाने इंग्रजांनी कोट मजबूत केला, त्यांचंच नाव आज त्या किल्ल्याला आहे, याचा मला फार आनंद होतो.

तिथून बझारगेटकडे. हा कोटाच्या उत्तरेचा, गजबजलेल्या वस्तीकडचा दरवाजा. १८०३च्या आगीत कोटाचा हा भाग होरपळला होता. बाहेरची वस्ती ती ‘बाहेरकोट’. आता दरवाजाच्या जागी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे पळणारी गर्दी. तिसरा, अपोलो दरवाजा दक्षिणेला होता, पण बाबांचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून तिकडे गेलो नाही.

शेवटी सेंट जॉर्ज रुग्णालयामागे गेलो. १७६९मध्ये बांधलेल्या फोर्ट जॉर्जच्या तटाचा एक तुकडा इथे शिल्लक आहे. पुढे काही उभ्या केलेल्या गाड्या, मागे ही काळ्या दगडांची भिंत. जवळ जाऊन पाहिलं. घडवलेले चिरे, मधल्या फटींत पांढरा चुना, आणि एका सांध्यातून करंगळीएवढं पिंपळाचं रोप बाहेर आलेलं. त्याच्या मुळाने वरचा चिरा केसभर उचलला होता. बाबांनी तिथे बोट फिरवलं. चुन्याची भुकटी बोटाला लागली ती त्यांनी पुसली नाही.

“हे रोप आत्ताच काढायला हवं गं,” ते म्हणाले. “मोठं झालं की दगड घेऊन खाली येईल.”

मी रोपाचा आणि सांध्याचा जवळून फोटो काढला. पुरातत्त्व खात्याचं कार्यालय याच किल्ल्यात आहे, पण रविवार असल्यामुळे बंद होतं. सोमवारी सकाळी पत्र लिहून फोटोसह पाठवलं. मजकूर बाबांनी सांगितला.