पेटीत हापूस, पोटात रायवळ

भाचा फ्रान्सहून येताना बर्गंडीची, म्हणजे तिथल्या वाईनसाठी नावाजलेल्या प्रांताची, वाईनची बाटली घेऊन आला. मी ती दोन दिवस शोकेसमध्ये ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. बर्गंडी म्हणजे काय थट्टा आहे! तिसऱ्या दिवशी तो हसून म्हणाला, "मामा, ही स्वस्तातली आहे. तिकडचे द्राक्षवाले घरी जेवताना पितात, त्यातली."

मग लगेच उघडली.

नाव 'पास-तू-ग्रँ'. म्हणजे साधारण 'सगळे मणी जाऊ द्या आत'. पिनो न्वार आणि गामे ही दोन्ही द्राक्षं एकाच टाकीत एकत्र आंबवायची. पिनो निदान ३० टक्के, गामे निदान १५. या नावाला १९३७ साली सरकारी मान्यता मिळाली. पिनो तिथलं खानदानी. गामे मात्र बदनाम. १३९५मध्ये बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने फर्मान काढून त्याच्या वेली उपटायला लावल्या होत्या. गुन्हा काय, तर पीक भरघोस आणि चव बेताची. गामेने दक्षिणेला बोजोलेत बस्तान बसवलं, आणि बर्गंडीतही कोपऱ्याकोपऱ्यांत तग धरला.

या कोपऱ्यांचीही गंमत आहे. नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना वारसा सारखा. वाटण्या होत होत क्लो द वूजो या बर्गंडीतल्या नामांकित द्राक्षमळ्याच्या जेमतेम ५० हेक्टरांना आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाच्या वाट्याला वेलींच्या चार ओळी. सातबारा आपल्याकडेच लांबतो असं नाही! उतारावरच्या चांगल्या ओळींची वाईन विकायची, खाली सपाटीला उरलेल्या ओळींची ही पास-तू-ग्रँ घरी प्यायची. बर्गंडीतल्या व्होल्ने गावच्या लाफार्ज घराण्याच्या भारी वाईनला जगभर गिऱ्हाईक आहे, तरी जुन्या वेलींची पास-तू-ग्रँ ते अजून करतात.

मला आजोळ आठवलं. हापूस पेंढ्यात घालून मुंबईला जायचा आणि आम्ही पोरं घमेल्यातले रायवळ चोखत बसायचो, कोपरापर्यंत रस. हापूसची फोड मिळायची ती डागी फळाची.

बाटली वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली. पेल्यात ओतली तर आरपार दिसणारा लाल रंग, अगदी कोकमाच्या आगळात पाणी घातल्यासारखा. वास चेरीचा, चव आंबटसर, जिभेला मुळीच जड नाही. सोबत भाजणीचं थालीपीठ आणि लोणी; भाच्याने नाक मुरडलं, पण खाल्ली तीन.

बायकोने एक घोट घेतला. "साखर घालायची विसरलेत," म्हणाली. पेला मात्र परत दिला नाही.