ठोक्याचा सूर झाला: ट्रॅपच्या पाच बीट, त्यातल्या साडेतीन जमल्या

ठरवलं होतं असं: ट्रॅप या अमेरिकी रॅप शैलीच्या पाच टप्प्यांची एकेक बीट (रॅपखालचं वाद्यसंगीत) बनवायची, शून्यापासून, एकाच लॅपटॉपवर. कुठल्याही गाण्याची नक्कल करायची नाही, फक्त त्या वर्षांचा आवाज पकडायचा. आणि प्रत्येकीत किक, म्हणजे ड्रमचा खालचा जाड ठोका, ८०८ या जुन्या ड्रम मशीनचीच. महिना झाला. वहीतल्या नोंदी जरा नीट लिहून काढल्यात.

दिवस १: २००३

खरं तर सुरुवात मेम्फिसपासून करायला हवी होती. तिथल्या थ्री सिक्स माफिया या रॅप गटाच्या डीजे पॉल आणि ज्युसी जे यांनी नव्वदच्या दशकातच घरगुती कॅसेटवर काळोख्या सुरावटी, ८०८ आणि तिश्र अंगानं पळणारं रॅप असा सगळा मसाला वाटून ठेवला होता. पण हा शब्द अल्बमच्या नावात मिरवला तो अटलांटाच्या रॅपर टी.आय.नं, २००३ मध्ये, 'ट्रॅप म्युझिक'वर. अटलांटाच्या बोलीत ट्रॅप म्हणजे जिथे ड्रग्ज विकले जातात ते घर. म्हणजे नाव आधी जागेचं, आवाजाचं नंतर.

मिनिटाला ७६ मात्रांची लय, टी.आय.चा निर्माता डीजे टूम्पच्या वळणाचे ब्रास (पितळी फुंकवाद्यं), मागे ऑर्गन. किक एकाच सुरावर आपटते आणि चाल बाकीची वाद्यं सांभाळतात. बीट दोन संध्याकाळींत झाली. सोपी वाटली, म्हणूनच संशय आला.

दिवस ५: २००५

रॅपर जीझीसाठी निर्माता शॉटी रेडनं केलेलं काम भयपटाच्या पार्श्वसंगीतासारखं, तर रॅपर गुची मेनबरोबरच्या निर्माता झेटोव्हनची बोटं चर्चमध्ये ऑर्गन वाजवून तयार झालेली. मी दोघांना एकाच बीटमध्ये कोंबायला गेलो आणि खिचडी झाली. अर्धी बीट धरा. पुढे.

दिवस ९ ते १४: २०१०

इथे खरा मुक्काम पडला. लेक्स लूगर, व्हर्जिनियाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरवर बसून वाका फ्लॉका आणि रिक रॉस या रॅपरांसाठी असं काही करून गेला की पुढची दोन-तीन वर्षं सगळे त्याच्याच वाटेनं गेले. वाद्यवृंदासारखे अंगावर येणारे ब्रास, चढत जाणारे स्नेअर (करकरीत आवाजाचा ड्रम) आणि ती हाय-हॅट (टिकटिकणारी झांज).

मिनिटाला १४० मात्रा लावायच्या, पण स्नेअर तिसऱ्या मात्रेवर. त्यामुळे मान सत्तरच्या लयीत हलते आणि हॅट चौगुनीत धावते. पहिल्या दिवशी मी जागा दिसेल तिथे रोल (हॅटचे सलग भरभर ठोके) भरले, सोळाचे, बत्तीसचे, वर तिश्रही. ऐकलं तर शेजारी कुणी शिलाई मशीन चालवतंय असं वाटत होतं. आमचा आतेभाऊ भजनी मंडळात तबला वाजवतो. त्यानं अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाला, "अरे, तिरकिट सगळीकडे घेतलंस तर सम कुठे दिसणार?"

त्या रात्री चार मात्रांतल्या साडेतीन साफ केल्या. साधी हॅट ठेवली आणि रोल फक्त स्नेअरच्या जरा आधी. रोलमधल्या प्रत्येक ठोक्याचा जोर चढता केला, शेवटच्या दोघांचा सूर किंचित खाली ओढला. एकदम जिवंत झाली! २०१२च्या आसपास नाचाच्या क्लबांत गेलेल्या इलेक्ट्रॉनिक ट्रॅपनं याच रोलचा गोंगाट केला. मला तो प्रकार कधीच फारसा रुचला नाही, त्यामुळे त्याची बीट करणार नाही. तक्रारी चालतील.

दिवस १७ ते २३: २०१५

निर्माते मेट्रो बूमिन आणि साउथसाइड, रॅपर फ्यूचरचा अल्बम 'डीएस टू'. लूगरच्या मानानं निम्मी वाद्यं. एक उदास चाल, हॅट, क्लॅप, आणि सगळी मोकळी जागा ८०८नं व्यापलेली. इथे किक ठोका देते आणि तीच बेसची चालही वाजवते.

रोलंडच्या मूळ टीआर-८०८वर हे जमलंच नसतं. १९८० ते १९८३ एवढीच वर्षं निघालेल्या त्या यंत्रात किकसाठी तीन खुंट्या होत्या: आवाज किती, धार किती, घुमणं किती. सूर बदलायची खुंटीच नव्हती. लांब घुमणारी किक मायामीवाल्यांनी ऐंशीच्या दशकातच गाजवली होती. पण तिचं सॅम्पल (रेकॉर्ड केलेला तुकडा) होऊन सॉफ्टवेअरमधल्या पियानो रोलवर, म्हणजे सूर मांडायच्या तक्त्यावर आलं, तेव्हा ती हवी त्या पट्टीत गाऊ लागली. माझ्या मते ट्रॅपमधला सगळ्यात मोठा बदल हाच. हॅटचं कौतुक उगाच जास्त होतं.

आता माझी फजिती. चाल एफ मायनरमध्ये, ८०८ही एफवर लावली, तरी ऐकताना पोटात ढवळायचं. तीन दिवस मिक्सला दोष देत होतो. आतेभाऊ पुन्हा आला आणि म्हणाला, "डग्गा उतरलाय तुझा." खरंच! सॅम्पलच्या नावात सी लिहिलं होतं, पण ते सीच्या बरंच खाली होतं. इतक्या खालच्या सुरात कानाला फरक कळत नाही. उपाय: सॅम्पल दोन सप्तकं वर चढवायचं, पियानोच्या सुराशी जुळवायचं, मग पुन्हा खाली आणायचं. पाच मिनिटांचं काम.

दुसरी अडचण फोनची. खालचा एफ म्हणजे साधारण ४४ हर्ट्झ, आणि फोनच्या स्पीकरमधून तो येतच नाही. हेडफोनवर घर हादरवणारी बीट फोनवर नुसती टिकटिकत होती. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं) थोडं वाढवलं की त्याच सुराचे वरचे स्वरांश तयार होतात, ते फोनला झेपतात, आणि मूळचा खालचा सूर कान स्वतःच भरून काढतो. आवाज न वाढवता किक ऐकू यायला लागली.

एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणंही इथेच शिकलो. डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा घेतात, अगदी तसं. पुढे लंडन आणि ब्रुकलिनच्या ड्रिल या रॅप शैलीवाल्यांनी या घसरणीवरच अख्खी शैली उभी केली. आपल्याकडे पुण्याच्या रॅपर एमसी स्टॅनचा २०२०चा अल्बम 'तडीपार' याच कानानं पुन्हा ऐकतोय.

दिवस २६ पासून: २०२०

अडलोय. रॅपर प्लेबॉय कार्टीचा अल्बम 'होल लॉटा रेड' २०२०च्या नाताळात आला. त्यातला फाटका, किंचाळणारा सिंथ आणि क्लिप झालेली (मर्यादेपलीकडे नेऊन फाटलेली) ८०८ यांना पुढे 'रेज' म्हणू लागले. चार वर्षं मी आवाजाचा मीटर मर्यादा ओलांडून लाल होऊ नये म्हणून जिवाचं रान केलं. इथे लाल असणं हीच अट आहे. मी किक फाडतो तेव्हा सिंथ तिच्याखाली गाडला जातो. सिंथ वर काढतो तर किकचा दम जातो. परवा मास्टरवरचा, म्हणजे अंतिम आवाजावरचा लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारा) काढून नुसता क्लिपर (टोकं कापणारा) लावला, तर जरा जवळ आलो असं वाटलं. सकाळी ऐकलं, तर नाही.

किक वाजेल तेवढ्यापुरता सिंथचा खालचा भाग पूर्ण कापून बघणार आहे. कुणी हे जमवलं असेल तर क्लिपर किकवर वेगळा लावता की सगळ्यांवर मिळून एकच, तेवढं सांगा. रविवारी आतेभाऊ डग्गा घेऊन येतोय. त्याचा घिस्सा रेकॉर्ड करून २०१५वाल्या बीटच्या घसरणीखाली घालून बघायचाय. डग्ग्याच्या काळ्या शाईवरून मनगट ओढताना हात दमट नको म्हणून टाल्कम पावडर आणायला सांगितलीय त्यानं.