तुम्ही विचारलंत म्हणून: कात्रीच का?

"कात्री, कंगवा, सेफ्टी पिन... ह्यासाठी एवढा खटाटोप?" माझी छापचित्रं पाहून कुणीतरी हे विचारतंच. पाठोपाठ हळूच, "मग सरळ फोटोच का नाही काढत?"

पहिली कात्री मी एचिंगमध्ये केली. मेणाचा लेप दिलेल्या धातूच्या प्लेटवर समोर दिसली तशी रेखाटली, रेघा कोरल्या जाव्यात म्हणून अ‍ॅसिडमध्ये सोडली, शाई भरून छापली. ठसा उलटा येतो हे पाठ होतं, तरी कागद उचलल्यावर मला काही खटकलं नाही. लक्षात आलं ते एका डावखुऱ्या बाईंच्या. चित्रापुढे थांबून म्हणाल्या, "अरे, ही तर माझी कात्री." खरंच की! वरचं पातं दुसऱ्या बाजूला गेलं होतं. सफरचंद उलटं छापलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कात्रीला मात्र हात ठरलेला असतो.

तेव्हापासून मी वस्तूंकडे तशी बघते. वापरून वापरून कुठे गुळगुळीत झालीय, कुठे टवका उडालाय. आणि आमचं माध्यमही तसंच आहे: पत्र्याला ओरखडा पडला की त्यात शाई बसते, तो दिसतो. नको असला तरी.

इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदींच्या बाटल्या तुम्ही कुठेतरी पाहिल्या असतील. 1930 ते 1956 ते बोलोन्याच्या कला अकादमीत एचिंग शिकवत होते, आणि त्याच त्या बाटल्या, सुरया पुन्हा पुन्हा काढत होते. त्यांच्या एचिंगमध्ये पांढरी बाटली बऱ्याचदा काढलेलीच नसते. भोवती आडव्यातिडव्या रेघांचं जाळं, मध्ये कोरा कागद, आणि तीच बाटली! मी हे करून पाहिलंय. रेघ जरा दाट झाली की बाटली नाहीशी.

अमेरिकन पॉप कलाकार अँडी वॉरहॉलचे सूपचे डबे विचाराल तर, 1968चा तो 10 स्क्रीनप्रिंटचा संच मला आवडतो, पण त्यात डबा कुठे आहे? लेबल आहे.

मला जवळचे वाटतात अमेरिकन कलाकार विली कोल. 2012च्या सुमारास त्यांनी इस्त्रीची जुनी टेबलं ठोकून सपाट केली, शाई लावली आणि थेट प्रेसमधून काढली. पत्र्याची भोकं, चरे, पोचे, सगळं कागदावर उतरलं. एकेका ठशाला बायकांची नावं दिली. उभे ठसे बघताना समोर कुणी माणूस उभं आहे असं वाटतं, आणि इस्त्री करून आयुष्य गेलेल्या बायका आठवतात. वस्तूचं चित्र काढायची गरजच उरली नाही.

ते पाहून मलाही सुरसुरी आली. सॉफ्ट ग्राउंडमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या मऊ लेपात, कापड, दोरा, जाळी दाबली की त्यांची वीण सुरेख उतरते. मी हौसेनं सेफ्टी पिन ठेवली. प्रेसच्या फेल्टला, म्हणजे छापताना कागदावर घालायच्या जाड लोकरी कापडाला, कायमचा खळगा पडला आणि स्टुडिओतल्या सगळ्यांची बोलणी खाल्ली. पुढचे कित्येक दिवस प्रत्येकाच्या ठशात एका कोपऱ्यात ती पिन पुसटशी दिसायची. छापलेली नाही, दाब कमी पडलेली. आजवरची माझी सर्वांत जास्त प्रती निघालेली पिन तीच.

फोटोत असं काही होत नाही, म्हणून नाही काढत.

कात्री रेखाटताना हल्ली समोर आरसा ठेवते. ती पहिली प्लेट मात्र तशीच आहे, डावखुरी.